यादीत नसलेली यादी

आमच्या घरात चहा सांडला की फडकं यायच्या आधी धडा येतो. मास्तर सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर वर्तुळ काढणार आणि म्हणणार, "हे बघ. आत आहे तो एक वर्ग. बाहेर जे जे उरलं, ते सगळं त्याचं पूरक. आणि आत कोणीच नसलं, तर तो रिक्त वर्ग. मग त्याच्या बाहेर कोण?"

"सगळे," मी म्हणते आणि फडकं फिरवते.

"शाबास! झाडून सगळे."

मास्तर म्हणजे माझा नवरा. मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणते, तोंडावर 'अहो'. त्यांनी कॉलेजात चौतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं आणि उरलेलं सगळं घरी आणून माझ्यावर वापरलं. बाहेरची माणसं म्हणतात, काय शांत गृहस्थ आहेत! असतील. त्यांच्या वाटचा आरडाओरडा मीच करते, मग त्यांना काय काम शांत राहण्यावाचून?

ह्या पूरकाचं त्यांना भारी वेड. लोक दुकानात जाताना काय आणायचं ते लिहून नेतात. आमच्या मास्तरांनी एकदा घरात काय काय आहे ते लिहिलं आणि दुकानदारापुढे कागद ठेवून म्हणाले, "हे सोडून बाकीचं द्या." दुकानदारही खट होता. त्याने उंदराचा पिंजरा, माशांचा गळ आणि लहान बाळाचं झबलं बांधून दिलं. मी डोक्याला हात लावला. मास्तर म्हणाले, "पूरकात काही चूक नाही. कुठल्या विश्वातलं पूरक, ते सांगायचं राहिलं." पिंजरा अजून माळ्यावर आहे.

तर असे हे मास्तर गेल्या महिन्यात निवृत्त झाले आणि त्यांच्या मनात आलं की लोकांना जेवायला बोलवावं. इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, रविवारची दुपार. मी खूश झाले. आमच्याकडे माणसं येणं अकरा वर्षांपूर्वी बंदच झालं होतं, त्याला कारण होतं आणि ते कारण सांगायला मला लाज वाटते. पण सांगितल्याशिवाय पुढचं घोडं हलणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं. मास्तरांना पेपर तपासायला परगावी जावं लागणार होतं. मी सात वर्षांच्या मुलीला घेऊन नव्या घरी पुढे जाणार होते, आणि जुन्या घरातलं सामान हलवायचं काम माझ्या दिराने, मास्तरांच्या धाकट्या भावाने, अंगावर घेतलं. भावजींचं चष्म्यांचं दुकान. माणूस अत्यंत काटेकोर, नाकावर चष्मा एका केसाने वाकडा बसला तरी परत काढून घेणारा. तेव्हा ते रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचे, हसायचे, मुलीला खांद्यावर बसवायचे.

मास्तरांनी आपली पद्धत काढली. "ठेवायच्या वस्तूंची यादी दाराला लावू. यादीत नाही ते सगळं टाकायचं. विचारायची गरजच नाही." त्यांनी वस्तू भराभर सांगितल्या, मी जुन्या पेपराच्या पाठीवर उतरवल्या. तेवीस ओळी झाल्या. सातवी ओळ होती, 'हिरवी फाईल.' त्या फाइलीत मास्तरांचं पुस्तक होतं. हाताने लिहिलेलं, दहा वर्षांचं काम, दुसरी प्रत नाही. विषय काय, तर रिक्त वर्ग. कोणीच नसलेल्या वर्गावर माणूस चारशे पानं लिहू शकतो हे मी लग्नानंतर शिकले.

मग मी मोठ्या अक्षरात पक्की यादी करायला बसले. सहावी ओळ झाली, शिवणाचं मशीन. तेवढ्यात आत मुलगी खुर्चीवरून धाडकन पडली. मी धावले, तिचं डोकं चोळलं, ती गप्प झाली, परत येऊन बसले आणि पुढची ओळ लिहिली, आरसा. यादी बावीस ओळींची झाली. मोजतंय कोण?

मशीन आलं. आरसा आला. हिरवी फाईल रद्दीत गेली.

मास्तर परत आल्यावर घरात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. भावजी म्हणाले, "दादा, यादीत नव्हती." मास्तर म्हणाले, "मी स्वतः सांगितली होती." मग माझ्याकडे वळले. "तू लिहिली होतीस ना?"

पेपराची ती पाठ सकाळीच माझ्या पिशवीत सापडली होती. सातवी ओळ वाचून काय घडलं ते मला कळलं होतं. मी ती फाडून टाकली होती, अगदी बारीक बारीक.

मी म्हणाले, "हो. लिहिली होती."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मास्तर म्हणाले, "आण ती यादी."

"यादी टाकली," भावजी म्हणाले. "यादीत यादी नव्हती ना. मग नियमाप्रमाणे तीही गेली."

मला त्या क्षणी केवढं हायसं वाटलं! माणूस किती नीच होऊ शकतो ते मला तेव्हा कळलं, आणि ते कुणा दुसऱ्याचं बघून नव्हे. मग भावजींनी वातावरण हलकं करायला एक भलताच विनोद केला. "दादा, कोणी नसलेल्या वर्गावरचंच पुस्तक होतं ना? मग गेलं काय?" झालं. मास्तरांनी दार उघडून धरलं. भावजी गेले ते गेले. भाऊ तुटला, मग चुलते-मावश्यांनी बाजू घेतल्या, आणि हळूहळू आमच्याकडे येणं सगळ्यांनीच सोडलं.

उद्या सांगू, परवा सांगू करत मी अकरा वर्षं काढली. तो आरसा आमच्या न्हाणीघरात आहे. रोज त्यात बघून केस विंचरते. कशी विंचरते ते माझं मला ठाऊक.

आता ह्या जेवणाकडे येते. बोलावणी पाठवायचं काम मुलीकडे होतं. ती आता अठराची, आणि बापाइतकीच शिष्ट. मास्तर तिला म्हणाले, "कोणाला बोलवायचं ते लिहीत बसलो तर दिवस जाईल. कोणाला वगळायचं ते लिहितो. बाकी सगळे." आणि तिच्या हातात कागद दिला. तिने मोठ्याने वाचला.

"ज्यांनी माझं नुकसान केलं आणि आजवर कबूल केलं नाही, अशांना वगळून सर्वांना."

"म्हणजे काका," मुलगी म्हणाली.

"मी कोणाचंही नाव लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. "नियम लिहिलाय. त्यात कोण बसतं ते ज्याने त्याने बघावं." आणि मोठ्या थाटात आंघोळीला गेले. नाव घ्यायची लाज वाटते म्हणून माणूस नियम करतो, आणि वर त्यालाच तत्त्व म्हणतो!

मी मात्र तो कागद उचलला. नियम मी परत वाचला, दोनदा वाचला. मास्तरांना वाटत होतं की ह्या वर्गात एकच माणूस आहे, आणि ते खरंच होतं. एकच होतं. फक्त त्यांना वाटत होतं ते नव्हे. ते माणूस स्वयंपाकघरात हातात उलथनं घेऊन उभं होतं.

"काकालाही पाठव," मी मुलीला म्हणाले.

"आई! बाबा मला खाऊन टाकतील."

"नियम नीट वाच. काका त्यात बसत नाही."

"मग कोण बसतं?"

"बसतं कोणीतरी. तू पाठव."

काकाचा नंबर तिच्या फोनमध्ये नव्हताच. बापाने घालूच दिला नव्हता. म्हणजे बिचारा बोलावलेल्यांतही नव्हता आणि वगळलेल्यांतही नव्हता, विश्वाच्याच बाहेर! नंबर मी तोंडपाठ सांगितला. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली, पण शहाणी आहे, नंबर टिपून घेतला.

सोमवारी बोलावणं गेलं. भावजींचं उत्तर आलं, 'येतो.' एवढंच. माझ्याकडे सहा दिवस होते. रविवारी भाऊ दारात उभा राहायच्या आत मला बोलायचं होतं, नाहीतर मास्तर सगळ्यांसमोर पुन्हा दार उघडून धरणार आणि ह्या खेपेला ते कायमचं. पहिल्यांदा भावजींना मी गप्प राहून घालवलं होतं. आता बोलावून घालवणार होते.

मंगळवारी मास्तरांचा मूड चांगला होता, म्हटलं कशाला बिघडवा. बुधवारी त्यांचा मूड खराब होता, म्हटलं ही वेळ नव्हे. गुरुवारी मी समोर जाऊन बसले, पदर सावरला, खाकरले आणि म्हणाले, "अहो, साखर संपलीये." शुक्रवारी साखर आली. शनिवारी मी आरशासमोर सगळं बोलून बघितलं. आरशाला सगळं सांगता आलं. त्याला सांगून काय उपयोग, तो तर वाचलेल्यांपैकी!

रविवारी दुपारी बारा वाजता वेगळाच गोंधळ उडाला. चाळीस माणसं धरली होती. साडेबारापर्यंत साठ आली आणि जिना अजून वाजतच होता. लिफ्टवाला आला, बायकोला घेऊन. दातांची डॉक्टर आली. मुलीला दोन वर्षांपूर्वी चुकून फोन करणारा एक गृहस्थ आला. तिने त्याचं नाव 'राँग नंबर' म्हणून ठेवलं होतं. तो फुलं घेऊन आला होता आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता. मी मुलीला कोपऱ्यात घेतलं.

"हे काय केलंस?"

"बाबा म्हणाले, वगळून सर्वांना. मी फोनमधले सर्व निवडले."

"अगं, सर्व म्हणजे आपले सर्व!"

"कुठले सर्व ते त्यांनी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. बापाची मुलगी. मी कपाळावर हात मारला आणि आणखी एक पातेलं चढवायला सांगितलं.

ह्या धांदलीत मला एक खुळचट आशा लागली की एवढ्या गर्दीत भावजी मास्तरांना दिसणारच नाहीत. पण मास्तर हॉलच्या दाराशीच उभे राहून लोकांचं स्वागत करत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. जिन्याच्या खालच्या वळणावर एक पिकलेलं डोकं दिसलं. अकरा वर्षांत भावजींचे केस पिकले होते. ते एक एक पायरी हळूहळू चढत होते आणि मला वाटलं, आता पंधरा पायऱ्या उरल्या आहेत, म्हणजे माझ्याकडे पंधरा पायऱ्यांचा वेळ आहे.

मास्तरांनी पाहिलं. त्यांचा चेहरा दगड झाला.

"ह्याला कोणी बोलावलं?"

"तुम्ही," मी म्हणाले.

"मी? मी नियम लिहून दिला होता."

"हो. त्याच नियमाने आलेत ते. नियमात ते बसत नाहीत."

"त्याने नुकसान केलं आणि कबूल केलं नाही. सरळ बसतो. अगं, त्याच्याशिवाय दुसरं आहे कोण त्यात?"

"मी आहे," मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. मी थट्टा करते आहे असं वाटलं त्यांना. मग मी भडाभडा बोलत सुटले, श्वास घ्यायलाही थांबले नाही. "सातवी ओळ मी लिहिलीच नव्हती. बाळ पडलं, मी उठले, परत येऊन आरसा लिहिला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. कच्चा कागद फाडला. भावजींनी यादीबरहुकूम केलं, एक वस्तू इकडची तिकडे केली नाही. तुमचं पुस्तक मी घालवलं, तुमचा भाऊही मी घालवला. काय म्हणायचं ते मला म्हणा. दार उघडायचं तर मला उघडा."

भावजी शेवटच्या पायरीवर येऊन थांबले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आमच्या मधून राँग नंबर "माफ करा, माफ करा" म्हणत हात धुवायला गेला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. चौतीस वर्षांत प्रथमच त्यांच्याकडे पुढचं विधान नव्हतं. ते वळले आणि हॉलमध्ये निघून गेले.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, पश्चात्तापाचं जेवढं होतं तेवढंच भीतीचं होतं. भावजी जवळ आले.

"वहिनी, कशाला सांगितलंत?"

"म्हणजे? तुम्हाला..."

त्यांनी खिशातून चष्म्याची जुनी डबी काढली. चष्मा नव्हता तिच्यात. घडी घातलेला एक कागद होता, घड्यांवर झिजलेला. माझं मोठं मोठं अक्षर. सहा, शिवणाचं मशीन. सात, आरसा.

"टाकली म्हणाला होतात तुम्ही!"

"नियमाप्रमाणे टाकायलाच हवी होती," भावजी म्हणाले. "त्या घरातून नियम मोडून मी एवढी एकच वस्तू ठेवली. दादाने मागितली तेव्हा खिशातच होती. पण तुमचं तोंड बघितलं, आणि पोर तुमच्या पदराला धरून उभी होती. म्हटलं, माझ्यावरचा त्याचा राग काय, दोन महिन्यांत उतरेल." ते जरा हसले. "हिशेब थोडा चुकला."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मी अकरा वर्षं समजत होते की मी त्यांना फसवलं. अहो, त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं, आणि तेच मला सांभाळत होते!

"आता दाखवा त्यांना," मी म्हणाले.

"आता कशाला? कबूल केल्यावर पुरावा काय करायचाय?" त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि आत गेले.

मी दारातच उभी राहिले. तिथून मला दिसलं, मास्तर लांब टेबलाच्या टोकाला बसले होते, समोर भरलेलं ताट, हात मांडीवर. भावजी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आजूबाजूला लोक जेवत होते, लिफ्टवाला तिसऱ्यांदा वाढून घेत होता. मग मास्तरांनी नाकावरचा चष्मा काढला आणि न बघता बाजूला सरकवला.

"सैल झालाय," ते म्हणाले. "घसरतो."

"कधीपासून?"

"झाली की वर्षं."

"अकरा वर्षं आवळून नाही घेतलास?" भावजी म्हणाले. "दुकानं काय कमी आहेत का गावात?"

भावजींनी वरच्या खिशातून बारीक पेचकस काढला, चष्मा उजेडाकडे धरला आणि स्क्रू पिळायला लागले. इतके जवळून बघत होते की नाक काचेला लागत होतं. मास्तर चष्म्याविना ठार आंधळे. त्यांना समोरचं ताटही धड दिसत नसणार.

तेवढ्यात लिफ्टवाला हात पुसत त्यांच्याकडे आला. भला माणूस, आल्यापासून त्याच्या मनात खटकत असावं. "सर, जेवण फार छान. पण एक विचारू? मी तुमची लिफ्ट वर्षातून दोनदा बघतो, तेही बंद पडली तर. मला कसं काय बोलावलंत?"

आजूबाजूचे चारसहा जण खायचे थांबले. त्यांनाही तेच विचारायचं होतं बहुतेक. राँग नंबरने तर मान पुढे काढली.

मास्तरांनी धुरकट नजरेने हॉलभर पाहिलं. सवयीने त्यांचं बोट पाण्याच्या पेल्यात गेलं, टेबलावर एक वर्तुळ निघालं, आणि ते जरा वेळ त्या वर्तुळाच्या आत काहीच नाही ते बघत बसले.

"वगळायची माणसं ठरवली होती," ते म्हणाले. "ऐन वेळी एकही उरलं नाही."

लिफ्टवाला समजल्यासारखी मान हलवून गेला. मास्तर भावाकडे झुकले. हळू बोलायचं त्यांना जमत नाही, वर्गात शिकवून आवाज तसा झालाय, त्यामुळे दारापर्यंत सगळं ऐकू आलं.

"ती कुठंय? मला दिसत नाही."

"दारात उभी आहे. रडतेय."

"तिला सांग, मला अजून राग आहे. बराच आहे. आठवडाभर तरी पुरेल."

"सांगतो."

"आणि सांग, कबूल केल्यामुळे नियमात बसत नाही ती आता." त्यांनी हात लांब करून चाचपडत शेजारची रिकामी खुर्ची ओढली. "जेवायला ये म्हणावं."